पस्तीस टाईल्सचं वाण

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
३ डिसेंबर २०२४

सुलूवन्संना दंडवत, आणि दंडवत घालता घालता पायाला काढलेला एक चिमटा.

तुमच्या कानाचं मशीन शिट्टी मारायला लागलं आणि आपला फोन बंद झाला, ते एका अर्थी बरंच झालं. तुम्ही गावाहून ओरडायच्या, मी इथून ओरडायची, आणि खालचा वॉचमन वर येऊन विचारायचा, मौसी, झगडा हुआ क्या? पत्राला आवाज नाही. शिवाय आपण कुणाच्या सुनेबद्दल काय बोलतो ते घरात कळत नाही.

तर बातमी अशी, की मी तुमच्या भाच्याला निळी भाकरी खायला घातली.

घाबरू नका, पराग जिवंत आहे, ऑफिसला गेलाय. झालं काय, दिव्याने तिच्या मेणाच्या खडूंचा डबा भंगारात काढला. नात मोठी झाली म्हणे, आता स्केचपेनच पाहिजे. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत दीडशे तुकडे, एक अख्खा असेल तर शपथ. मला टाकवेना. आपण साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवणाऱ्या बायका, आपल्याला भंगारवाला काय शिकवणार? तेवढ्यात नीलिमाने मोबाईलवर दाखवलं, असे खडू वितळवून लोक चित्रं करतात. रंग कसा ओघळत जातो, बघत राहावं असं. सून दाखवून ऑफिसला गेली आणि माझे हात शिवशिवायला लागले.

दुपारचं घर म्हणजे माझं राज्य. वितळवायचं म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? भाकरीचा तवा ठेवला आणि त्यावर निळे तुकडे. वितळले छान. पण तव्यावरून ते काढायचे कसे, ते मोबाईलमधल्या बाईने सांगितलं नव्हतं. काथ्याने घासलं, राखेसारखी पावडर मिळते तिने घासलं. वाटलं गेलं. संध्याकाळी भाकरी उलटली तर पाठ आभाळासारखी. परागने विचारलं, आई, नाचणीची का? मी हो म्हटलं. दोन खाल्ल्या त्याने. नीलिमाने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भात घेतला. हुशार आहे पोरगी.

चित्र अजून झालेलं नाही. पण मी हरणारी आहे का?

तुमची एकुलती एक वहिनी,
सरू


आंबेकोंड, ता. म्हसळा
१० डिसेंबर २०२४

वहिनीस,

पत्र मिळालं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी खडू भाजतेस, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं तर तुझी तब्येत बरी आहे एवढंच सांगते.

तव्याला मीठ टाकून तो लाल होईपर्यंत तापव, मग पुसून काढ. आणि पुन्हा तव्याला हात लावू नकोस. माझा भाऊ असता तर त्यानेही निळी भाकरी गपगुमान खाल्ली असती आणि वर आणखी मागितली असती. त्यानेच तुला डोक्यावर बसवून ठेवलं.

त्याला जाऊन आठ वर्षं झाली. विधवा बाईने देवाचं नाव घ्यावं, भजनाला जावं. रंगांशी काय खेळायचं?

वाल यंदा बरे आलेत.

सुलू

चित्र कसलं काढणार होतीस ते लिहिलंच नाहीस.


जेसल पार्क, भाईंदर
१९ डिसेंबर २०२४

वन्संच्या पायाशी, पण या खेपेला लांबूनच, कारण हात रंगलेत.

देवाचं नाव रोज घेते हो. ड्रायर गरम होऊन बंद पडला की जास्तच घेते.

ड्रायर म्हणजे नीलिमाचं केस वाळवायचं मशीन. तुम्ही म्हणाल तुझे केस आहेत किती, म्हणून आधीच सांगते, केसांसाठी नाही. आता मला कसब कळलंय. वरच्या मजल्यावर बाथरूमचं काम निघालं होतं, तिथल्या उरलेल्या वीतभर पांढऱ्या टाईल्स मिस्त्रीकडून मागून घेतल्या. टाईलच्या वरच्या कडेला खडूंचे तुकडे गमने ओळीत चिकटवायचे, जेवायला बसलेल्या पंगतीसारखे. टाईल भिंतीला तिरकी उभी करायची आणि वरून गरम वारा सोडायचा. आधी काहीच होत नाही. मग एक तुकडा घामेजतो, शेजारचा घामेजतो, आणि एकदम सगळे खाली धावतात. हिरवा निळ्यात शिरतो, पिवळा दोघांच्या मधून वाट काढतो. थांबवायचं कधी ते आपल्या हातात, जायचं कुठे ते त्यांच्या. संसारासारखंच आहे म्हणा.

पहिल्या दिवशी वारा जोरात सोडला तर अर्धा रंग भिंतीवर. तिथे आता कॅलेंडर लावलंय. पराग म्हणाला, आई, कॅलेंडर एवढं खाली का? मी म्हटलं, डोळ्यांना दिसत नाही रे बाबा. बिचाऱ्याने चष्म्याच्या दुकानात नंबर लावला.

तुमचा पुतण्या जितेश टेम्पो घेऊन गावी येतोय, त्याच्या हाती एक टाईल पाठवतेय. फडक्यात गुंडाळलीय. देवाजवळ नका ठेवू, समईची धग लागेल.

सरू


आंबेकोंड
२८ डिसेंबर २०२४

वहिनीस,

टाईल मिळाली. फुटली नाही. जितेशने मांडीवर ठेवून आणली म्हणतो, मग टेम्पो कोण चालवत होतं देव जाणे.

खिडकीत लावलीय. पाऊस चांगला काढलास. हिरव्या रंगाचा पाऊस मी बघितलेला नाही, पण डोंगरावर दुरून तसा दिसतो खरा. शेजारच्या धाकूची म्हातारी बघून गेली. कुणी केलं विचारलं. बाजारातून आणलं म्हटलं.

पुन्हा पाठवू नकोस. एक पुरे.

सुलू


जेसल पार्क, भाईंदर
६ जानेवारी २०२५

वन्सं, तुमच्या खोटं बोलण्याला कोपरापासून नमस्कार.

तो पाऊस नाही, भात आहे. रंग खाली ओघळतो, म्हणून टाईल मग उलटी करायची, की पाती वर येतात. तुम्ही शेत टांगून ठेवलंय उलटं. फिरवा.

आता ऐका, माझा भाव कसा वधारलाय. आमच्या सोसायटीच्या चेअरमनची बायको, निशिगंधा, घरी आली होती. बाई शिकलेली, गोड बोलणारी. एवढी गोड की ती गेल्यावर चहा फिका लागतो. तिने टाईल्स बघितल्या आणि म्हणाली, मावशी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच वाण देऊया. १९ तारखेला रविवारी, खालच्या हॉलमध्ये, बायका पस्तीस.

तुम्हाला माहीतच आहे, भाईंदरात वाण म्हणजे स्टीलची वाटी. गल्लोगल्ली भांड्यांचे कारखाने, दुसरं सुचणार काय? तुमच्या भावाने जन्मभर तिथेच वाट्या घासून चकाकवल्या आणि मी हळदीकुंकवातून त्याच वाट्या घरी आणल्या. सतरा जमल्या होत्या. ते गेल्यापासून अठरावी आली नाही. नीलिमाच्या वेगळ्या, त्या मी मोजत नाही.

तर पस्तीस टाईल्स. रात्रंदिवस चाललंय म्हणा ना. नीलिमा ऑफिसातून आल्यावर खडू सोलायला बसते. गप्प गप्प असते मात्र. निशिगंधाने कार्यक्रमाचं सगळं ठरवलंय. कोण कुंकू लावणार, कोण तिळगूळ देणार. मला म्हणाली, मावशी, तुम्ही आतल्या खोलीत बसून लाडवांच्या पुड्या बांधा, तिथे पंखा आहे.

मी म्हटलं, वा, बरंच झालं. मला कशाला मेली ती गर्दी? पंख्याखाली निवांत बसेन. मला कुठे तिथे बसायचंय?

सरू


आंबेकोंड
१३ जानेवारी २०२५, भोगी

वहिनीस,

टाईल फिरवली. भात बरा आहे. पण पाऊस जास्त आवडला होता, म्हणून परत फिरवली.

पंखा आहे म्हणाली. जानेवारीत.

तू मला चाळीस वर्षं चिडवत आलीस, म्हणून मी खुळी झाले नाही. तुला तिथे बसायचंय. पस्तीस जणींच्या मध्ये, गादीवर, कपाळ पुढे करून. म्हणून तर एवढे खडू वितळवतेस.

बसू नकोस. तुझ्या भल्याचं सांगते. तोंडावर कुणी काही बोलणार नाही. हळदीकुंकवाची कुयरी घेऊन येणारी बाई तुझ्यापर्यंत येईल, एक क्षण थांबेल, आणि तुझ्यापुढून पलीकडच्या बाईकडे जाईल. तो एक क्षण मी अनुभवलाय. बत्तीस वर्षांची होते, नवरा जाऊन सहा महिने झाले होते, आणि कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ओळीत बसले होते. त्यानंतर मी कधी गेले नाही. माझ्या बांगड्या सासूने काढल्या, तुझ्या मी काढल्या. आपल्यात असंच आहे.

तू पुड्या बांध आणि घरी ये.

सुलू


जेसल पार्क, भाईंदर
२१ जानेवारी २०२५

वन्संना तिळगूळ. गोड बोला म्हणत नाही, तुम्हाला जमणार नाही.

तुमचं ऐकलं. मी हॉलमध्ये गेलेच नाही. घरीच होते. पाय दुखत होता. उजवा.

कार्यक्रम छान झाला म्हणे. थोडं इकडेतिकडे झालं. निशिगंधाच्या काळ्या साडीवर अकरा डाग पडले, त्यातला गुडघ्यावरचा हिरवा बेडकाएवढा. शेजारच्या गुजराथी मिनलबेनच्या निऱ्या एकमेकींना चिकटल्या, तिला पाऊल टाकता येईना, पोत्यातल्या शर्यतीसारख्या उड्या मारत ती खुर्चीपर्यंत गेली. फोटोवाला तर टेबलाखाली शिरून हसत होता. पण शेवटी सगळं निस्तरलं. बायका खूश होऊन घरी गेल्या.

असं ऐकलं.

इथलं बाकी ठीक. वाल पाठवा.

सरू


आंबेकोंड
२७ जानेवारी २०२५

वहिनीस,

घरी बसून टेबलाखालचा माणूस दिसतो, अशी नजर तुला कधीपासून आली? पोराने चष्म्याचे पैसे फुकट घालवले.

जितेश काल आला. त्याच्या मोबाईलवर फोटो आहे. तू हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसलीयस, हातात इस्त्री, आणि तुझ्यासमोर काळ्या साड्यांची रांग, रेशनच्या दुकानासारखी. फोटो मोठा करून दाखव म्हटलं. केला.

तुझ्या कपाळावर काय आहे?

सगळं लिही. उजव्या पायाचं सोडून.

सुलू


जेसल पार्क, भाईंदर
३१ जानेवारी २०२५

वन्सं,

आज चिमटा नाही.

जितेश परवा निघतोय, त्याच्याच हाती देतेय. पोस्टाची वाट बघायला मला धीर नाही. तुम्ही चार दिवस रागात काढाल, त्यापेक्षा लवकर रागवा.

मी गेले होते. आतल्या खोलीत पंख्याखाली बसून पुड्या बांधत होते. पंखा खरंच होता, बंद करायला गेले तर बटण सापडेना. शाल घेऊन बसले. दार अर्धं उघडं होतं. नीलिमा दोनदा दारात आली. मला म्हणाली, आई, पाणी हवंय का? पाणी माझ्या शेजारीच होतं.

बाहेर टाईल्स लांब टेबलावर मांडल्या होत्या. खरंच सांगते, माझ्याच हातच्या म्हणून नाही, पण मोरपीस पसरल्यासारखं दिसत होतं. निशिगंधा म्हणाली, काहीतरी रिकामं वाटतंय. तिने ते पत्र्याच्या छोट्या वाटीतले मेणाचे दिवे आणले होते. प्रत्येक टाईलवर मधोमध एक दिवा ठेवला आणि पेटवला.

आता जे लिहितेय ते मी नीलिमालाही सांगितलेलं नाही.

मी दारातून बघितलं. मला कळलं होतं. महिनाभर तेच तर करतेय, मेण कधी घामेजतं ते मला नाही कळणार? उठून एवढंच म्हणायचं होतं, बायांनो, पत्रा तापेल, दिवे उचला. तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. म्हटलं, मला आत बसवलंय ना? आतल्या बाईला बाहेरचं काय दिसतं? आणि आणखी एक पुडी बांधली.

निशिगंधाचं भाषण चाळीस मिनिटं चाललं. सणांचं महत्त्व आणि पाणी वाचवा, दोन्ही त्यातच. मग कुंकू झालं, तिळगूळ झाला. मग फोटो. आग नको म्हणून दिवे विझवून उचलले. प्रत्येक टाईलच्या मधोमध रंगाचं तळं झालेलं. निशिगंधा म्हणाली, बघा, दिव्याने कशी झळाळी आली. पस्तीस जणी तीन ओळींत उभ्या, छातीशी टाईल आडवी धरून. फोटोवाला म्हणाला, मॅडम, ताटं थोडी पुढे वाकवा, चित्र दिसू द्या.

वाकवली.

वन्सं, सगळे रंग एकदम धावले. टाईलवर मी किती समजावून त्यांना चालवायची, इथे कुणी अडवणारं नव्हतं. पदर, निऱ्या, चपला. पुढच्या ओळीचं पुढे सांडलं, मागच्या ओळीचं पुढच्या ओळीच्या अंबाड्यांवर.  मग जो गलका झाला तो पार मोरवा गावापर्यंत गेला असेल. मिनलबेनच्या उड्यांचं मी खोटं लिहिलं नव्हतं. ती गुजराथीत काय म्हणाली ते मला कळलं, पण लिहिणार नाही.

एक जण रुमालाने चोळायला लागली, एक जण पाणी मारा म्हणाली. तेव्हा मात्र मला बसवेना. बाहेर आले आणि म्हटलं, चोळू नका. हात लावू नका कुणी. चोळलंत तर साडी गेली.

परागच्या दोन पँटी माझ्याकडून अशाच खराब झाल्या होत्या, त्यामुळे मला औषध ठाऊक होतं. मेण थंड होऊ द्यायचं, वर वर्तमानपत्र, खाली वर्तमानपत्र, आणि मंद इस्त्री. कागद सगळं मेण पिऊन टाकतो. रंग राहतो थोडा, पण काळ्या साडीवर तो कुणाला दिसतोय? वर्तमानपत्र पुड्यांसाठी आणलेलंच होतं. इस्त्री आणायला घरी गेले. पहिला मजला. पळत नाही गेले हो. चालत गेले, सावकाश.

मग हॉलच्या मधोमध टेबल आणि खुर्ची. मी बसले आणि त्या एकेक करून येत गेल्या. कुणाचा पदर, कुणाच्या निऱ्या. ज्या बायका लिफ्टमध्ये नुसत्या मान हलवायच्या त्या मावशी मावशी करत उभ्या. मी पण सोडलं नाही. एकीला म्हटलं, ही साडी मागच्या वर्षीचीच ना? एकीला म्हटलं, निऱ्या एवढ्या कमी, वजन वाढलं की काय? कुणी रागावलं नाही. इस्त्री माझ्या हातात होती.

निशिगंधा शेवटपर्यंत लांब उभी राहिली. अकरा डाग घेऊन. सगळ्यांत शेवटी आली आणि जरीचा पदर टेबलावर पसरला.  मी कागद घातला, इस्त्री ठेवली.

तेवढ्यात मिनलबेन कुयरी घेऊन परत फिरत होती. डागांच्या गडबडीत कुणाचं कुंकू पुसलं होतं त्यांना पुन्हा लावत होती. तिला आपले नियम काय माहीत? ती माझ्यापुढे येऊन थांबली आणि म्हणाली, "मौसी, आपका तो पूरा साफ हो गया. किसी ने लगाया था ना?"

वन्सं, तुम्ही लिहिलेला तो एक क्षण. तो आला. सगळ्या आपापल्या साड्यांकडे बघतायत. मिनलबेन सगळ्यांकडे बघतेय, तिला कळेना आपण काय चुकीचं विचारलं. मला हसून काहीतरी बोलता आलं असतं. मला नेहमी येतं.  मी खाली बघून इस्त्री फिरवत राहिले, जिथे मेण नव्हतं तिथे.

आणि नीलिमा आली. गर्दीतून, डोक्यावर पिवळं मेण तसंच. मिनलबेनच्या हातातून तिने कुयरी घेतली आणि म्हणाली, "आई, हलू नका."

मी हलले नाही. तिने आधी हळद लावली, मग कुंकू.

निशिगंधाला जायचं असतं तरी जाता आलं नसतं, पदर माझ्या इस्त्रीखाली होता. तिने सगळं हातभर अंतरावरून बघितलं. नीलिमाने कुयरी तशीच तिच्यापुढे धरली. दिवस बुडतो की काय असं वाटलं. मग तिने बोट बुडवलं आणि मला हळद लावली. कुंकू नाही, नुसती हळद. मी म्हटलं, अर्धं तर अर्धं, उरलेलं पुढच्या वर्षी द्या. तिला हसू आवरेना. बाई हसली की बरी दिसते. गोड बोलते तेव्हा नाही.

घरी आल्यावर नीलिमा म्हणाली, आई, ती मला आधीच म्हणाली होती, तुमच्या सासूबाईंना आत बसवा. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. दोन आठवडे ती त्यानेच गप्प होती. आणि मी समजत होते खडू सोलून बोटं दुखतात म्हणून. तुमची वहिनी कुठे हुशार आणि कुठे खुळी, बघा.

तुम्ही माझ्या बांगड्या काढल्यात तेव्हा तुमचे हात किती गार होते, ते मला आठवतं. मी कधी तुमच्यावर धरलं नाही. पण तुम्ही बसू नको म्हणालात, आणि मी बसले. आता काय बोलायचं ते बोला.

सरू


आंबेकोंड
६ फेब्रुवारी २०२५

वहिनीस,

दिवे बघून गप्प बसलीस, ते पाप आहे. मी असते तर मीही गप्पच बसले असते, पण पाप ते पापच.

पत्र रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी धाकूच्या घरी गावातलं शेवटचं हळदीकुंकू होतं. त्या दिवशी मी दरवर्षी मागच्या पडवीत वाल सोलत बसते. बसले. पुढून बायका गेलेल्या दिसल्या. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, वाल कधीच संपलेत आणि मी सालं सोलतेय.

उठले. साडी बदलली नाही. बदलली असती तर ठरवून आली असं झालं असतं. कानाचं मशीन काढून ठेवलं, म्हणजे कोण काय बोलतं ते ऐकायला नको. धाकूच्या दारात जाऊन उभी राहिले. घरात साप निघाल्यासारख्या सगळ्या गप्प झाल्या, ते न ऐकताही कळतं. धाकूची सून नीलम पुढे आली. काकी, काय हवंय, असं विचारलं असावं.

मी म्हटलं, "तेच."

पोरगी चांगली आहे, पण घाबरट. तिने म्हाताऱ्या सासूकडे बघितलं. सासूने छपराकडे बघितलं. मी दारातून हलले नाही. सदतीस वर्षं थांबले होते, आणखी थोडा वेळ उभं राहायला मला काही नव्हतं. शेवटी नीलमने कुयरी आणली. तिने एवढ्या घाईने लावलं की अर्धं कुंकू कपाळावर आणि अर्धं नाकावर सांडलं. मला तीन शिंका आल्या, लागोपाठ, सगळ्यांसमोर.

म्हातारी काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही, पण अपशकून हा शब्द ओठांवरूनही वाचता येतो. मी म्हटलं, माझा व्हायचा होता तो सदतीस वर्षांपूर्वी होऊन गेला, आता सुखाने शिंकू दे.

आधी कुणीतरी मागे हसलं, मग सगळ्या. म्हातारीही.

ओळीत बसले. गुडघे दुखले. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा मिळालाय, लाल झाकणाचा. झाकण लागत नाही.

सुलू